रात्रीचे जेवण आणि मुलांचे बोलणे

(पालक, अंगणवाडी सेविका आणि प्राथमिक शिक्षक यांच्या सभेत झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मुलांच्या संगोपनाविषयी जेव्हा बोलले जाते तेव्हा आहार, लसीकरण, स्वच्छता आणि शाळाप्रवेश या विषयांना अग्रस्थान मिळते, आणि ते योग्यच आहे. परंतु मुलाच्या ताटात काय वाढले याची जेवढी चौकशी होते, तेवढी त्या ताटाशी बसलेल्या मुलाशी कोण काय बोलले याची होत नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हा एवढाच आहे. तीन ते आठ वर्षांच्या मुलाला रोज रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरातील मोठ्या माणसांनी स्वतःचे काही सांगावे आणि त्याचे पूर्ण ऐकून घ्यावे, ही यातील मुख्य सूचना आहे. हिच्यासाठी अनुदान लागत नाही, अर्ज करावा लागत नाही आणि घरात जेवणाचे टेबल आहे की जमिनीवर पाट मांडले जातात, यानेही काही फरक पडत नाही.

गोव्यातील खेड्यांत दिवेलागणीची वेळ ही पूर्वापार घर एकत्र येण्याची वेळ होती. हिंदू घरांत तुळशीपुढे दिवा लागे, मुले हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणत आणि पाढ्यांची परवचा होई. ख्रिस्ती घरांत चर्चची सायंकाळची घंटा झाली की पुढे सारे कुटुंब तेर्स म्हणण्यासाठी एकत्र बसे. त्यानंतर शीत-हुमणाचे जेवण. त्या जेवणात बोलणे मुद्दाम घडवावे लागत नसे. दिव्याचा उजेड थोडा, जागा एक आणि जाण्यासारखे दुसरे ठिकाण नाही, त्यामुळे ज्याचे त्याचे बोलणे प्रत्येकाच्या कानावर पडत असे.

आज परिस्थिती बदलली आहे. वडील वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर असतात किंवा किनाऱ्यावरील हॉटेलातून मध्यरात्री परततात. आई नोकरीवरून येते तीच थेट स्वयंपाकघरात शिरते. मूल शिकवणीहून येते आणि दूरदर्शन संचापुढे ताट घेऊन बसते, किंवा मोबाइलवरील चित्रे पाहत असताना त्याच्या तोंडात घास भरवले जातात. पोट भरते, वेळही वाचतो. परंतु चोवीस तासांपैकी ज्या अर्ध्या तासात ते मूल आणि त्याची माणसे समोरासमोर आली असती, तो अर्धा तास हातचा जातो. याबद्दल कोणाला दोष देण्याचे कारण नाही. जे पूर्वी आपोआप घडत होते ते आता ठरवून करावे लागणार आहे, एवढेच यातून समजून घ्यावयाचे आहे.

घासाबरोबर शब्द

लहान मुलाला भरवणे म्हणजे केवळ अन्न पोटात घालणे नव्हे, ही गोष्ट आरोग्यशास्त्रानेही मान्य केली आहे. बालकांच्या पूरक आहाराविषयी २००३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या अमेरिका खंडातील शाखेने जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत भरवताना मुलाच्या डोळ्यांत पाहावे, त्याच्याशी बोलावे, त्याला जबरदस्ती करू नये, कारण भरवण्याची वेळ ही शिकण्याची आणि मायेची वेळ आहे, असे सांगितलेले आहे. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटना, युनिसेफ आणि जागतिक बँक यांनी बालसंगोपनाचा जो आराखडा मांडला, त्यात आरोग्य, पोषण, सुरक्षितता आणि शिकण्याची संधी यांच्या बरोबरीने पाचवे अंग म्हणून मुलाच्या हाकेला ओ देणारे संगोपन हेही घातले आहे. मूल हाक मारते, हात दाखवते, अर्धे वाक्य बोलते, आणि त्याला वेळेवर उत्तर मिळते. हे उत्तर मिळणे अन्नाइतकेच आवश्यक आहे, असा त्याचा अर्थ.

अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात कॅथरीन स्नो आणि त्यांचे सहकारी यांनी १९८७ पासून अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांचा दीर्घकाळ अभ्यास केला. मुले तीन वर्षांची असल्यापासून घरातील जेवणाच्या वेळचे बोलणे ध्वनिमुद्रित करण्यात आले. ज्या घरांत जेवताना एखादी हकिगत सांगितली जाई, एखाद्या गोष्टीचे कारण समजावले जाई आणि नेहमीच्या वापरात नसलेले शब्द मुलांच्या कानावर पडत, त्या घरांतील मुलांची भाषा पुढे अधिक समृद्ध झालेली आढळली. ही घरे श्रीमंत नव्हती, ही गोष्ट विशेष ध्यानात घेण्यासारखी आहे.

नेहमीच्या वापरात नसलेले शब्द म्हणजे पुस्तकातलेच शब्द असे नव्हे. गोव्यात ते ताटातच असतात. भात कोठून आला असे मुलाने विचारले तर ‘दुकानातून’ हे उत्तर खरे असले तरी तेथे बोलणे संपते. तेच, पूर्वी हा भात आपल्या खाजनात पिकत असे, खाजन म्हणजे खाडीकाठची जमीन, खारे पाणी आत येऊ नये म्हणून तिला बांध घातलेला असतो, त्या बांधाला मानस असते, भरती आली की मानशीचे दार मिटते आणि ओहोटी लागली की उघडते, असे आजोबांनी सांगितले तर एका घासाबरोबर खाजन, बांध, मानस, भरती आणि ओहोटी असे पाच शब्द मुलाच्या पदरात पडतात. खाऱ्या पाण्यातही तग धरणारा कोरगुट भात कसा लाल दिसतो, मानशीपाशी मासे कसे पकडतात, हा पुढचा प्रश्न मूल आपण होऊन विचारते. दुसऱ्या दिवशी शाळेत ‘पाणी’ हा पाठ शिकताना हेच मूल हात वर करते.

घराच्या गोष्टी

अमेरिकेतील एमरी विद्यापीठाचे मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश या मानसशास्त्रज्ञांनी २००१ साली मुलांसाठी वीस साधे प्रश्न तयार केले. आजी-आजोबा कोठे वाढले, आईवडिलांची ओळख कशी झाली, घरावर कधी संकट आले होते काय, अशा स्वरूपाचे ते प्रश्न होते. आपल्या कुटुंबाविषयी अधिक माहिती असलेल्या मुलांत आत्मविश्वास अधिक आढळला आणि घडणाऱ्या गोष्टींवर आपलाही काही ताबा चालतो ही भावनाही अधिक दिसून आली. परंतु उत्तरे पाठ करून घेतल्याने हा गुण येत नाही, असा इशारा त्यांनीच दिला. ज्या घरांत माणसे वरचेवर एकत्र बसतात आणि गोष्टी सांगतात, त्या घरांतच मुलांना ही उत्तरे ठाऊक होतात. गुण असला तर तो त्या बसण्यात आहे.

गोव्यातील घरांपाशी अशा गोष्टींचा तोटा नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आजीला बटाट्याची भाजी वाढताना सांगता येईल की तिच्या लहानपणी बटाटे जहाजाने हॉलंडहून येत. १९५५ साली भारत सरकारने पोर्तुगीज अमलाखालील गोव्याशी व्यवहार रोखले, तेव्हा घाटावरून येणारा माल बंद झाला आणि बटाटेसुद्धा समुद्रापलीकडून आणावे लागले. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, हे मूल शाळेत शिकेलच. परंतु आजी त्या दिवशी कोठे होती, हे त्याला आजीच सांगू शकते. सांगे तालुक्यातील कुर्डी गाव साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आणि तेथील कुटुंबांना दुसरीकडे वसवण्यात आले. उन्हाळ्यात पाणी ओसरले की मे महिन्यात तो गाव पुन्हा उघडा पडतो आणि माणसे आपल्या घरांचे चौथरे पाहण्यास जातात. अशा कुटुंबातील मुलाला आपला चौथरा कोणता, विहीर कोठे होती, वाट कोणत्या बाजूने जाई, हे जेवताना ऐकूनच कळते. ऐकले नसेल तर मे महिन्यात तेथे गेल्यावर त्याला फक्त दगड दिसतील.

गोष्ट मोठीच असावी असेही नाही. गावच्या जत्रेतील नाटकात आजोबांनी राजाचे काम केले आणि ऐन प्रवेशात मिशी गळून पडली, ही हकिगत मुलांना इतिहासातील लढाईपेक्षा अधिक काळ लक्षात राहते. मोठ्या माणसाचीही कधी फजिती झाली होती, हे त्यातून मुलाला कळते. त्या कळण्याचा पुढे काय उपयोग होतो, हे एका उदाहरणावरून पाहता येईल.

लहान गोष्ट ऐकली नाही तर

दुसरीत शिकणारा एक मुलगा डोळ्यांसमोर आणावा. रोज सकाळी शाळेला निघताना त्याचे पोट दुखते. डॉक्टरांना दाखवले, औषध झाले, गुण येत नाही. घरात कोणी म्हणते शाळेचा कंटाळा, कोणी म्हणते लाड. ‘शाळेत काय होते ते सांग’ असे दटावून विचारले की तो गप्प बसतो. एके रात्री जेवताना त्याची आई स्वतःच्या लहानपणाविषयी बोलू लागते. पणजीचा मांडवी नदीवरील पूल ५ जुलै १९८६ ला कोसळला आणि १९९२ मध्ये नवा पूल खुला होईपर्यंत बेतीहून पणजीला जाण्यास फेरीबोटच मुख्य आधार होती. बोट आणि धक्का यांच्यामधल्या फटीतून खालचे पाणी दिसे. त्या फटीवरून पाऊल टाकण्याची तिला इतकी भीती वाटे की आजोळी जायचे म्हटले की तिचे पोट दुखू लागे, आणि हे तिने कित्येक दिवस कोणाला सांगितले नव्हते. मुलगा भात चिवडत राहतो. थोड्या वेळाने म्हणतो, ‘आमच्या शाळेच्या संडासाची कडी आतून लावली की निघत नाही.’

दिवसभर तेथे जावे लागू नये म्हणून तो पाणी पीत नव्हता. पोटदुखीचे मूळ तेथे होते. दुसऱ्या दिवशी आई शिक्षकांना भेटते, कडी बदलली जाते आणि काम संपते.

या उदाहरणातील कडी लहान आहे. परंतु मुलाच्या लेखी लहान आणि मोठे असा भेद नसतो. हरवलेले खोडरबर, मैत्रिणीने धरलेला अबोला, मधल्या सुट्टीत मिळालेल्या भाजी-पावातील पाव दुसऱ्याने घेतला, अशा गोष्टी सांगून ते मूल एका अर्थाने मोठ्यांची परीक्षा घेत असते. ऐकून घेतात काय, हसतात काय, रागावतात काय, हे ते पाहते. लहान गोष्टीच्या वेळी ज्याला ‘गप्प जेव’ असे उत्तर मिळाले, ते मूल मोठी गोष्ट घेऊन त्या घरात बोलणार नाही. कोणी मारते, कोणी धमकावते, कोणी नको तसा स्पर्श करते, अशा गोष्टी मुले एकाएकी सांगत नाहीत. ज्या कानांची त्यांना रोज सवय झालेली असते, त्याच कानांत त्या सांगितल्या जातात. रोजच्या जेवणातील बोलण्याचे खरे मोल येथे आहे.

अशी गंभीर गोष्ट मुलाच्या तोंडून निघालीच तर ताटावरून उठून आरडाओरड करू नये, त्याच्यावर प्रश्नांचा भडिमार करू नये आणि ‘आधी का सांगितले नाहीस’ असे म्हणू नये. शांतपणे ऐकावे आणि ‘सांगितलेस हे चांगले केलेस’ असे म्हणावे. मुलांवरील लैंगिक अत्याचारासंबंधीच्या २०१२ च्या कायद्यान्वये असा प्रकार कळल्यावर तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. बालकांच्या मदतीसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांकही उपलब्ध आहे.

कसे बोलावे

‘आज शाळेत काय केलेस?’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरात विचारला जातो आणि त्याचे ‘काही नाही’ हे उत्तरही प्रत्येक घरात मिळते. यात मुलाचा दोष नाही. सहा तासांचा सारांश एका वाक्यात सांगणे मोठ्या माणसालाही जड जाते. म्हणून प्रश्न लहान आणि नेमका असावा. आज तुझ्या शेजारी कोण बसले होते? कोण खेळताना पडले? बाईंना आज कशाचे हसू आले? अशा प्रश्नाने मुलाच्या डोळ्यांपुढे चित्र उभे राहते आणि ते चित्र पाहून ते बोलू लागते.

त्याहूनही चांगला मार्ग म्हणजे मोठ्यांनी आपले आधी सांगणे. बसमध्ये काय झाले, कारखान्यात कोणते यंत्र अडले, बाजारात तिसऱ्यांचा काय भाव झाला, हे आई किंवा वडिलांनी दोन-चार वाक्यांत सांगितले की मुलाला दोन गोष्टी कळतात. दिवस कसा सांगावा याचा नमुना मिळतो, आणि ही उलटतपासणी नसून सारेच आपापले सांगत आहेत, असा विश्वास वाटतो. घरातील देणी-घेणी, भाऊबंदकी आणि शेजाऱ्यांची निंदा मात्र या वेळी बाजूला ठेवावी. मुले ताटाकडे पाहत असली तरी त्यांचे कान तिकडेच असतात.

मूल बोलू लागले की थांबणे हे मोठ्यांचे काम. चार वर्षांचे मूल वाक्याच्या मध्यावर अडखळते, शब्द शोधते, मागे जाते. त्या वेळी त्याचे वाक्य पुरे करून टाकण्याचा मोह आवरावा. चुकीचा शब्द आला तर चूक न दाखवता बरोबर शब्द आपल्या उत्तरात वापरावा, तो मुलाला आपोआप लागतो. परीक्षेतील गुण, थोरल्या बहिणीशी तुलना आणि दिवसभराच्या खोड्यांचा निवाडा या तीन गोष्टींना जेवणाच्या वेळी बंदी असावी. ज्या पंगतीत रोज खटला चालतो, तेथून मूल लवकर उठून जाण्याचीच वाट पाहते.

बोलण्याची भाषा घरची असावी. येथील बहुतेक घरांत कोंकणी बोलली जाते, अनेकांची प्राथमिक शाळा मराठी असते, आणि पुढे इंग्रजी येतेच. मुलाचे इंग्रजी सुधारावे म्हणून जेवताना मोडक्या इंग्रजीत प्रश्न विचारण्याची प्रथा काही घरांत पडू लागली आहे. हेतू चांगला असला तरी परिणाम उलटा होतो. ज्या भाषेत आईला रागावता येते, थट्टा करता येते आणि आजीची आठवण सांगता येते, त्याच भाषेत मुलाला विपुल शब्द मिळतात. एका भाषेत भक्कम झालेले मूल दुसरी भाषाही सुलभतेने शिकते.

आईचे पान

या विषयातील सर्वांत अवघड गोष्ट आता सांगणे आवश्यक आहे. कित्येक घरांत अद्यापही पुरुष आणि मुले आधी जेवतात, आई वाढते आणि सर्वांचे झाल्यावर एकटी, बहुधा स्वयंपाकघरातच, उरलेले जेवते. ही रीत मायेपोटी चालत आली असे म्हटले जाते. परंतु मुलाच्या बाजूने पाहिले तर तिचा अर्थ काय होतो? दिवसातील ज्या एका वेळी घरातील माणसे आपापले सांगतात, त्या वेळी आई फक्त ‘आणखी वाढू काय’ एवढेच विचारते. तिचा दिवस कसा गेला, तिला कशाची भीती वाटली, ती कशाला हसली, हे मुलाला कधीच ऐकू येत नाही. मागील उदाहरणातील आई त्या रात्री वाढत राहिली असती, तर फेरीबोटीची गोष्ट निघाली नसती आणि शाळेची कडीही कोणाला कळली नसती.

यावर उपाय साधा आहे. भांडी मध्ये ठेवावीत, ज्याचे त्याने वाढून घ्यावे, पाणी वडिलांनी ठेवावे, ताटे मुलांनी मांडावीत, आणि सर्वांची पाने एकदम मांडली गेल्याखेरीज कोणी पहिला घास घेऊ नये. पाच वर्षांच्या मुलाला सहा वाट्या मोजून मांडता येतात, आणि त्यात त्याचे गणितही होते. आई ज्या पंगतीत बसते तीच कुटुंबाची पंगत.

काही शंका

‘जेवताना बोलू नये’ असे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत, मग हे कसे, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. चरकसंहितेतही न बोलता, न हसता, अन्नाकडे लक्ष देऊन जेवावे असे सांगितले आहे. घास तोंडात असताना बोलल्यास तो श्वासनलिकेत जाण्याचा धोका खरा आहे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तो अधिक आहे. म्हणून वडिलांचा नियम मोडण्याचे कारण नाही, त्याची वेळ ठरवावी. घास तोंडात असताना चावावे, गिळल्यावर बोलावे. भूक तीव्र असताना पहिले काही घास शांतपणे घेऊ द्यावेत. आणि खरे बोलणे तर जेवण झाल्यावरच होते. उष्टा हात वाळेपर्यंत ताटावर गप्पा मारीत बसल्याबद्दल ज्यांनी लहानपणी बोलणी खाल्ली आहेत, त्यांना त्या गप्पांची गोडी ठाऊक आहे. ती गोडी आजच्या मुलांनाही मिळावी, एवढीच अपेक्षा.

दुसरी अडचण पाळीची आणि परगावच्या नोकरीची. वडील रात्री घरी नसतील तर सकाळच्या पेजेची वेळ धरावी. तेही जमत नसेल तर रविवारचे दुपारचे जेवण राखून ठेवावे. आखातात किंवा जहाजावर असलेल्या वडिलांशी मोबाइलच्या पडद्यावर बोलायचे असेल तर त्या पडद्याला पानाशेजारी जागा द्यावी. त्या वेळी तो पडदा म्हणजे घरातले माणूसच असते. एरवी जेवताना मोबाइल आणि दूरदर्शन बंद असावेत, आणि हा नियम मुलांच्या आधी मोठ्यांनी पाळावा. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यापुढे बसवू नये आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसातून एक तासाहून अधिक पडदा दाखवू नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे. तो एक तास जेवणाच्या वेळेतून काढू नये.

घरात आई आणि मूल अशी दोनच माणसे असतील, किंवा आजी आणि नातू एवढेच असतील, तरीही यात काही उणे नाही. सांगणारा एक आणि ऐकणारा एक असला की पंगत पुरी होते.

शाळा, अंगणवाडी आणि कार्यालये

ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे काम सुरू केले. मुले शाळेपर्यंत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच मुलांच्या अंगणात नेली. देशात २ ऑक्टोबर १९७५ पासून सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेमुळे अंगणवाडी आता गावोगावी पोहोचली आहे. अंगणापासून स्वयंपाकघर दहा पावलांवर आहे. ती दहा पावले सेविकांनी गृहभेटींच्या वेळी चालावीत. मुलाचे वजन नोंदवताना, काल रात्री मूल कोणाबरोबर जेवले आणि काय बोलले, हा एक प्रश्न आईला विचारावा. त्याची नोंद कोठे करावयाची नाही. प्रश्न विचारला गेला म्हणजे आईच्या मनात तो राहतो.

प्राथमिक शिक्षकांनी आठवड्यातून एकदा लेखी गृहपाठाऐवजी विचारण्याचा गृहपाठ द्यावा. घरातील सर्वांत वयस्क माणसाला त्याची शाळा कशी होती ते विचारून ये; आपल्या घरातील सर्वांत जुनी वस्तू कोणती ते विचारून ये. दुसऱ्या दिवशी पाच मुलांना ते सांगू द्यावे. २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात घरची भाषा, संभाषण आणि गोष्टी यांना महत्त्वाचे स्थान दिले आहे आणि गोव्यात त्या स्तराची अंमलबजावणी २०२३-२४ पासून सुरू झाली आहे. तेव्हा हा गृहपाठ अभ्यासक्रमाबाहेरचा नाही.

अधिकारीवर्गालाही एक विनंती करणे आवश्यक आहे. कार्यालयीन संदेश आणि दूरध्वनी आता रात्री आठ-नऊ वाजताही येतात, आणि ज्याचा फोन वाजतो तो ताटावरून उठतो. तातडीचे काम वगळता रात्रीच्या जेवणाच्या वेळी हाताखालच्या कर्मचाऱ्याला फोन न करण्याची शिस्त प्रत्येक कार्यालयाने पाळली, तर कितीतरी मुलांचे अर्धवट राहिलेले वाक्य पुरे होईल. सभेला उपस्थित असलेले बहुतेक अधिकारी स्वतःही पालक आहेत. त्यांच्याही घरी कोणीतरी वाट पाहत असेल.

शेवटी, यातील सर्व गोष्टी एकदम करण्याचा प्रयत्न कोणी करू नये. आज रात्रीपासून तीनच गोष्टी कराव्यात. सर्वांनी एकदम बसावे. मोठ्यांपैकी एकाने आपल्या दिवसातील एक गोष्ट सांगावी. आणि मूल बोलू लागले तर ते थांबेपर्यंत कोणी मध्ये बोलू नये. पहिले आठ दिवस मूल कदाचित काहीच सांगणार नाही. सांगावयास सवय लागते, तशी ऐकावयासही लागते. नवव्या किंवा दहाव्या दिवशी ते आमटीकडे पाहत काहीतरी पुटपुटेल. त्या वेळी वाढणाऱ्याने डाव खाली ठेवावा आणि त्याचे ऐकावे.